चेहरा बदलला तर चूक धरायची नाही

सोमवार, ४ मार्च

आले एकदाची. गाडी वेळेवर पोचली, खोली स्वच्छ निघाली, आणि घरमालकीण बोलघेवडी असली तरी दाराबाहेर उभी राहूनच बोलते, हे उत्तम. खोलीत पलंग, टेबल, भिंतीतलं कपाट आणि एक खिडकी. खिडकीतून समोरच्या इस्त्रीवाल्याचं दुकान दिसतं. नुसत्या माझ्या कपड्यांसाठी असलेलं कपाट मला लग्नानंतर पहिल्यांदाच मिळालं. दोन खण रिकामे राहिले. राहू देत.

काम ऐकून लोक हसतात. टीव्ही बघायचा आणि चुका काढायच्या. एका वाहिनीला आपली जुनी गाजलेली कौटुंबिक मालिका घासूनपुसून पुन्हा दाखवायची आहे. त्याआधी प्रत्येक भागातल्या बारीकसारीक चुका कोणीतरी शोधून द्यायच्या, म्हणजे तंत्रज्ञ त्या दुरुस्त करतील. मालिका चालू होती तेव्हा मी त्यांना दर आठवड्याला कळवत असे. वकीलकाकांच्या डाव्या हाताची पट्टी चहा पिताना उजव्या हाताला कशी गेली? थोरली सून सव्वा वर्ष गरोदर कशी? एकदाही उत्तर आलं नाही. आता मात्र दीड महिन्यासाठी मलाच बोलावलं आहे. उशिरा का होईना, शहाणपण सुचलं.

घरच्यांनी आपापल्या परीने निरोप दिला. सासूबाई म्हणाल्या, टीव्ही बघायला पगार देणारेही बघून झाले, आता डोळे मिटायला हरकत नाही. आमचे हे म्हणाले, जा, तेवढीच घराला विश्रांती. विनोद होता म्हणे. मी हसले नाही, तेव्हा त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. लेक मात्र स्टँडपर्यंत आली. तिला आम्ही ठकी म्हणतो, अकरावीला आहे. अर्ज तिनेच भरून दिला होता. म्हणाली, आई, इतकी वर्षं फुकट चुका काढल्यास, आता पगार घेऊन काढ.

त्या घरात माझं म्हणावं असं कोणी असेल तर ती ठकी. बाकीच्यांना मी म्हणजे नाकावर माशी बसू न देणारी बाई. ठकीला तसं वाटत नाही, कारण तिची नजर माझ्याही वरताण आहे. मालिका बघताना आमचा खेळ असे. चूक दिसली की पकडलं म्हणायचं. निम्म्या वेळा ती माझ्याआधी म्हणायची, आणि हरल्याचा आनंद मला तेवढ्या एका खेळात होत असे.

मंगळवार, ५ मार्च

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे. लांब बोळ, दोन्ही बाजूंना काचेच्या छोट्या खोल्या, प्रत्येकीत एक पडदा आणि एक खुर्ची. थंडी इतकी की इथे माणसांऐवजी भाज्या ठेवल्या तर महिनाभर टिकतील.

साहेब पडेल आवाजाचे आहेत आणि बोलताना टेबलावरच्या वस्तू सरळ करत बसतात. त्यांनी काम समजावलं. घड्याळं, कप, पट्ट्या, सावल्या, केसांचा भांग, काहीही सोडू नका म्हणाले. फक्त एक गोष्ट. मधेच कलाकार बदलला, चेहरा बदलला, तर ती चूक धरायची नाही. मी मान डोलावली. पहिल्या दिवशी कोण वाद घालतं?

दिवसभर डोळ्यांत तेल घालून बघितलं. या लोकांनी काय काय खपवलं होतं! दिवाणखान्यातल्या घड्याळात कायम सव्वाचार. सासरे वारतात आणि मेल्यावर दोनदा आवंढा गिळतात. जिना वर जातो, पण बाहेरून दाखवलेल्या घराला वरचा मजलाच नाही. मग रोज रात्री ही माणसं झोपायला जातात तरी कुठे? लिहून दिलं. संध्याकाळी बोळातून जाताना एक तंत्रज्ञ दुसऱ्याला म्हणाला, याच त्या बारीक नजरवाल्या बाई. ऐकू न आल्यासारखं केलं, पण बरं वाटलं.

शेजारच्या खोलीत एक बाई बसते. उतरतं वय, खांद्यावर करडी शाल, चेहऱ्यात लक्षात ठेवण्यासारखं काही नाही. मी मनातल्या मनात तिचं नाव शालवाली ठेवलं. तिचंही काम माझंच म्हणतात, पण ती लिहिताना कधी दिसली नाही, नुसती बघत असते. चहावाला तिला न विचारता बिनसाखरेचा चहा देतो. माझा दोन चमच्यांचा. चहा प्यायला आम्ही बोळातल्या बाकावर एकत्र बसलो. ती कमी बोलते, मला ते चालतं.

शुक्रवार, ८ मार्च

आज माझा सगळ्यात आवडता भाग पाहिला. लोक कोर्टाचा भाग डोक्यावर घेतात, नाहीतर लग्नाचा. मला विचाराल तर कोर्टाचा भाग म्हणजे नुसता आरडाओरडा आणि लग्नाचा म्हणजे कपड्यांचं दुकान. मालिकेतला खरा भाग एकच, वीज जाते तो. त्यात काहीच घडत नाही. दिवे जातात, सगळं घर एका मेणबत्तीभोवती जेवणाच्या टेबलाशी बसतं. धाकटी सून संत्रं सोलते आणि एकेक फोड सगळ्यांना देते, स्वतःला उरतच नाही. सासू तिच्याशी कित्येक महिने बोललेली नसते. ती काही न बोलता आपल्या हातातली फोड धाकटीच्या हातावर ठेवते. संपला भाग.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी ढसाढसा रडले होते. आणि ठकी, तेव्हा दुसरी-तिसरीत असेल, म्हणाली होती, पकडलं, मेणबत्ती मोठी झाली. खरंच की! सोलायला घेताना अर्धी होती, शेवटी जवळजवळ पुरी. रडू थांबायच्या आत मी पत्र लिहायला घेतलं होतं.

धाकटीचं काम करणारी ती पहिली बाई फार गुणी होती. बाकीच्या रडताना कॅमेरा शोधतात, ही रडताना रुमाल शोधायची. तिच्या हातांना काम असे. संत्रं सोलताना बघावं तिला. पुढे कोण जाणे काय झालं, ती मालिकेतून गेली.

हे सगळं मी शालवालीला चहाच्या वेळी सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मेणबत्ती दोनदा संपली होती म्हणाली. तुम्हाला काय ठाऊक, असं मी विचारायला हवं होतं, पण मी आपली माझ्याच नादात.

मंगळवार, १२ मार्च

आज तो भाग आला. धाकटी बॅग घेऊन प्रशिक्षणाला जाते. पुढचे काही भाग तिचं नावही कोणी काढत नाही. मग एके दिवशी बेल वाजते, दार उघडतं, आणि दारात भलतीच बाई! उंच काय, रुंद काय. सासू म्हणते, किती वाळलीस गं. वाळली? पहिलीच्या दोन बसल्या असत्या तिच्यात. नवरा क्षणभरही न थबकता तिची बॅग घेतो. थोरली तिच्या गळ्यात पडते. घरात एकालाही डोळे नाहीत.

तेव्हाही माझा संताप झाला होता, आजही झाला. तडक साहेबांकडे गेले. म्हटलं, मेणबत्तीची लांबी लिहून घेता, आणि अख्खं माणूस बदललं ती चूक नाही? साहेबांनी आधी पेन सरळ केलं, मग पट्टी. म्हणाले, बाई, पहिल्या आठवड्यात लोकांनी फोन करून शिव्या दिल्या. दुसऱ्या आठवड्यात नवीच्या साडीचं दुकान विचारलं. तिसऱ्यात फोनच आला नाही. जागेला महत्त्व आहे, जागेवर कोणी उभं असलं की झालं.

मी म्हटलं, बघणाऱ्याला फरक पडतो. ते म्हणाले, कोणाला? मी म्हटलं, मला. माझ्या लेकीला. त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरळ केला आणि म्हणाले, ठीक आहे, तुमचा एवढा आग्रह असेल तर लिहून द्या.

लिहून दिलं. धाकटीचा चेहरा पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत एकच असावा. खाली सही. लढाई मारल्यासारखी परत आले. बोळात शालवालीला सांगितलं तर तिच्या हातातला चहा हिंदकळून शालीवर सांडला. मी रुमाल पुढे केला, तिने घेतला नाही.

शुक्रवार, १५ मार्च

संध्याकाळी घरी फोन केला. यांना विचारलं, सासूबाईंच्या गोळ्या वेळेवर देता ना, टॉवेल दोरीवर उलटे टाकत नाही ना, दूध उतू गेलं की ओटा खालून पण पुसायचा असतो. हे म्हणाले, सगळं व्यवस्थित आहे. इतक्या शांतपणे म्हणाले की मला रागच आला. एरवी माझं वाक्य संपायच्या आत यांच्या कपाळावर आठ्या पडतात, त्या फोनवरूनही ऐकू येतात. आज नव्हत्या.

मग ठकी आली. तिला वीज जाते त्या भागाबद्दल सांगत होते, तेवढ्यात मागे कोणीतरी हसलं. बाईमाणूस. स्वयंपाकघराच्या बाजूने. मी विचारलं, कोण आहे गं? ती म्हणाली, टीव्ही. मी विचारलं, कुठली मालिका? ती जरा थांबली. एवढा विचार करून ठकी मला कधी उत्तर देत नाही. म्हणाली, नाव नाही बघितलं.

मनात पाल चुकचुकली. शेजारीण आली असेल. पण आमच्या शेजारणीला मी हसताना कधी ऐकलेलं नाही, निदान आमच्या घरात तरी.

मंगळवार, १९ मार्च

दुरुस्त केलेले भाग आज तपासायला आले. मी हौसेने आधी वीज जाते तो लावला.

मेणबत्ती बरोबर झाली आहे, हळूहळू कमी होते. घड्याळ चालतं. आणि संत्रं सोलते आहे ती दुसरी. दुसरीचा चेहरा! पहिल्या भागापासून, सगळीकडे तीच. लग्नात तीच, कोर्टात तीच. पहिली कुठे उरलीच नाही. फक्त हात बदलायचे त्यांच्याकडून राहिलेत. त्या रुंद चेहऱ्याखाली पहिलीचे बारीक हात संत्रं सोलतात.

मी एकच चेहरा मागितला होता. कोणता, ते लिहायचं माझ्याकडून राहिलं. माझ्याकडून!

शेजारच्या खोलीत धावत गेले, कोणाला तरी सांगायला हवं होतं. शालवालीच्या पडद्यावर तोच भाग थांबवलेला होता. तिने माझ्याकडे बघितलं नाही. शालीतून हात बाहेर काढले आणि टेबलावर पालथे ठेवले. पडद्यावरही तेच हात. जरा म्हातारे झालेले, एवढंच.

मी तिच्यासोबत रोज चहा प्याले. तिच्याकडेच तिचं कौतुक केलं. आणि मी म्हणे बारीक नजरवाली बाई.

ती चिडली नाही, चिडली असती तर बरं झालं असतं. सरळ आवाजात म्हणाली, आई आजारी म्हणून आठ दिवस रजा घेतली होती. परत आले तर फाटकावरचा राखणदार म्हणाला, धाकटी आत आहेत, चित्रीकरण चालू आहे. मग घरी गेले. तिथेही आत कोणीतरी होतं. जागा रिकामी दिसली की भरतात, बाई. निदान या भागांमध्ये मी होते, म्हणून इथे येऊन बसत होते. स्वतःला बघायला. आता कुठे बघू?

साहेबांकडे गेले, म्हटलं, पूर्ववत करा. ते म्हणाले, जुनं पुसलं जातं, मगच नवं बसतं. आणि हाताचं लक्षात आणून दिल्याबद्दल माझे आभार मानले. हाताचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

गुरुवार, २१ मार्च

काल शालवाली आली नाही. आज आली.

आली म्हणजे शाल आली. आत दुसरी बाई होती. गोल चेहरा, हनुवटीला खळी, वयाने धाकटी. शालीवर त्या दिवशीच्या चहाचा डाग तसाच. ती तिच्या खुर्चीत बसली, तिचा पडदा लावला. चहावाल्याने न विचारता तिला बिनसाखरेचा चहा दिला आणि म्हणाला, काल दिसला नाहीत. ती म्हणाली, अंगात जरा कसर होती.

मी चहावाल्याला बाजूला घेऊन विचारलं, ही कोण? तो म्हणाला, असं काय करता, बाई, रोज तर तुमच्या शेजारी बसतात. तंत्रज्ञाला विचारलं, तो हसला. साहेबांकडे गेले. त्यांनी टेबलावरची घंटी सरळ केली आणि म्हणाले, पहिल्या दिवशीच सांगितलं होतं ना तुम्हाला?

मग ती नवी माझ्याकडे आली आणि म्हणाली, तुम्ही मला त्या मेणबत्तीबद्दल सांगत होतात, पुढे सांगा ना.

हात बघितले तिचे. हातसुद्धा या नवीचेच होते.

शुक्रवार, २२ मार्च

यांना फोन लावला. उचलला नाही. ठकीला लावला, नाही. शेवटी घरच्या फोनवर. सासूबाईंनी उचलला. मी नुसतं हॅलो म्हटलं, तर म्हणाल्या, सूनबाई आंघोळीला गेली आहे, आपण कोण?

मी म्हटलं, अहो, मीच. त्या म्हणाल्या, मीच म्हणजे कोण? मी म्हटलं, तुमची सून. त्यावर सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. माझ्याशी बोलताना त्या कधी हसल्या नाहीत. म्हणाल्या, थांबा, आलीच ती बाहेर, तिलाच देते, तिला फार आवडेल हा विनोद.

मग एक आवाज आला. हं, बोला. गोड, मऊ. पाठीमागे हे कोणाला तरी सांगत होते, चहा मी करतो, तू बस.

इतक्या वर्षांत एकदाही —

सकाळची पहिली गाडी आहे.

शनिवार, २३ मार्च

दार यांनी उघडलं. कोण हवंय, म्हणाले. तोंडावर म्हणाले, डोळ्यात डोळे घालून. मी म्हटलं, पुरे झाला चावटपणा, बाजूला व्हा. हे बाजूला झाले नाहीत. आत वळून म्हणाले, अगं, ऐकलंस का, कोणी बाई आल्या आहेत.

ती हात पुसत आली. माझ्यासारखी नाही. अजिबात नाही! सावळी, ठेंगणी, पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले. अंगात माझा हिरवा ड्रेस, पण उसवून तिच्या बेताचा केलेला. एकदाही दचकली नाही. म्हणाली, उन्हातून आलात, आधी पाणी घ्या.

तिच्या मागे भिंतीवर आमच्या लग्नाचा फोटो. त्यात तीच. फोनमधले फोटो उघडले. तीच. माझ्या स्वतःच्या फोनमध्ये! मी ओरडायला लागले, घड्याळ पुढे आहे, टॉवेल उलटे आहेत, हा पेला पाहुण्यांचा नाही, या घरात काय कुठे असतं ते मला ठाऊक आहे, हिला नाही. सासूबाई आतून म्हणाल्या, कोणाच्या घरची असेल बिचारी, बोलू नका तिला काही. यांनी दार लावून घेतलं. हळू लावलं. आपटलं असतं तर मी तिथे बसून राहिले असते.

बसथांब्यावर येऊन बसले. थोड्या वेळाने ठकी आली आणि शेजारी बसली. मला हायसं वाटलं. म्हटलं, आली माझी ठकी. म्हटलं, पकडलंस ना गं तू?

ती रस्त्याकडे बघत बोलत होती. म्हणाली, पहिल्याच दिवशी. दारात उभी होती तेव्हाच. चमचा डाव्या हाताने धरते, तुझ्यासारखी बाराखडी म्हणत भाजी चिरत नाही, सगळं चुकीचं आहे. मी म्हटलं, मग ओरडली का नाहीस? म्हणाली, ओरडणार होते, आई. पण तिने आजीला वाढलं आणि आजी पोटभर जेवली. बाबा लवकर घरी यायला लागले. मी कप ठेवला, तो कुठे ठेवला ते कोणी बघितलं नाही. आम्ही दोघी टीव्ही बघतो तेव्हा ती नुसती बघते. हसते. मला माहीत नव्हतं नुसतं बघता येतं. तू चांगली आहेस, आई. पण तू घरात असलीस की आम्ही सगळे चुकलेले असतो.

मी म्हटलं, मी तुझी आई आहे. ती म्हणाली, हो. म्हणाली, सवय होते. पहिले काही दिवस रडले मी रात्री. आता होत नाही तसं.

मला खूप बोलायचं होतं. ज्यांच्यासाठी उभा जन्म डोळे फोडले, त्यांना आंधळं राहण्यातच सुख होतं. सगळ्यांचं ठीक आहे, ते आंधळेच. पण ज्या एकीला दिसत होतं तिने —

समोर घराच्या फाटकापाशी ती बाई येऊन उभी राहिली होती. ठकीने तिला बघितलं, उठली आणि मोठ्याने म्हणाली, काकू, तुमची बस इथेच थांबते.

सोमवार, २५ मार्च

कुठे जाणार? ऑफिसला आले.

माझ्या खोलीत एक नवी बाई. उत्साहात आहे. साहेब तिला सांगत होते, काहीही सोडू नका, फक्त एक गोष्ट. तंत्रज्ञ म्हणाला, याच त्या बारीक नजरवाल्या बाई. मी दारात उभी होते, तर साहेब मला म्हणाले, तुमची जागा शेजारी.

खुर्ची रिकामी होती. पाठीवर करडी शाल. ती दुसरी कुठे गेली, मी विचारलं नाही. इथे कोणी विचारत नाही, आता कळलं का ते. थंडी फार होती. घेतली शाल.

चहावाला आला. मी म्हटलं, दोन चमचे. तो हसला. म्हणाला, तुम्ही आणि साखर? ठेवून गेला.

प्याले.

मंगळवार, २६ मार्च

पडद्यावर तोच भाग. संत्रं. हातही बदललेत आता. बघते नुसती.

सासूबाईंचा चेहरा आठवायला गेले तर मालिकेतल्या सासूचा येतो. यांचा आठवते — पेपर दिसतो, वर धरलेला. त्यामागे कोणी —

नवी बाई विचारत होती, तुम्ही किती दिवस आहात इथे? मी म्हटलं, दीड महिन्याचं काम आहे.

ठकी आहे अजून. नीट आहे. तिला कोणी हात लावायचा नाही.

बुधवार, २७ मार्च

आत्ताच लिहून ठेवते, सकाळपासून पुसट होतंय. ठकी. माझी लेक. केस कानामागे सारायची सवय. कानाच्या पाळीला दोन भोकं, एक बुजलेलं. भुवई शेवटाकडे तुटक, लहानपणी पडली होती. गालावर तीळ, मोहरीएवढा, हसली की वर सरकतो. हे कोणी नाही मला सांगितलं, हे माझं आहे, मी रोज बघितलंय. रोज संध्याकाळी, सोफ्यावर.

ती कायम माझ्या उजव्या हाताला बसायची. दोघींची तोंडं टीव्हीकडे. शनिवारी थांब्यावरही तशीच बसली, रस्त्याकडे बघत. म्हणजे हे सगळं डाव्या बाजूचं. डावा कान. डावी भुवई. डावा गाल.

आता उजवी बाजू. उजवा गाल. उजव्या गालावर —